विहित नमुन्यातला अर्ज

परभणी
१४ जून १९९३

पंचफुला आश्रुबा खंदारे हिला,

पत्र कामाचं आहे, म्हणून लगेच मुद्द्यावर येते.

आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात साहाय्यकाची एक जागा मंजूर झाली आहे. जागा राखीव आहे. जाहिरात दिवाळीच्या आसपास येईल, अर्जाची मुदत ३० नोव्हेंबर. मी जानेवारीअखेर निवृत्त होते आहे. माझ्या जागी येईल तो तुला ओळखणार नाही, आणि तुझं वय या वर्षानंतर अटीत बसणार नाही. तेव्हा जे व्हायचं ते याच वर्षात.

शिक्षणाची अट तू पूर्ण करतेस. दुसरी अट ग्रंथालयातल्या कामाच्या पूर्ण दोन वर्षांच्या अनुभवाची, ग्रंथपालाच्या सहीच्या दाखल्यासह. 'कमवा आणि शिका' योजनेतलं काम धरलं जातं, हे मी विचारून घेतलं आहे. तू माझ्याकडे १६ ऑगस्ट १९७६ ला आलीस. १ ऑगस्ट १९७८ पासून हजेरीपटावर गैरहजर आहेस, आणि ४ तारखेला नाव कमी केलेलं आहे. म्हणजे दोन वर्षांना पंधरा दिवस कमी.

योजनेत वर्षाला पंधरा दिवसांची रजा असे. तू त्या वर्षी एकही घेतली नव्हतीस. रजा मंजूर झाली असती तर हिशेब नेमका बसला असता. पण रजेचा अर्ज फाइलला नाही. त्या पंधरा दिवसांचं काही कारण असेल तर लिहून कळव. मार्ग काढता येईल.

तुझा पत्ता पंडितने शोधला. आपला शिपाई पंडित. अजून आहे, आणि अजून वर्तमानपत्रं उलटीच लावतो.

उत्तर लवकर पाठव.

कुसुम वांगीकर
ग्रंथपाल


परभणी
९ जुलै १९९३

पंचफुला,

उत्तर आलेलं नाही. पत्र पोचलं आहे, कारण परत आलेलं नाही. सोबत अर्जाचा कोरा नमुना पाठवते आहे.

तुला वाटत असेल की बाईंना इतक्या वर्षांनी कुठून आठवण झाली. आठवण होण्यासाठी आधी विसरावं लागतं. पुस्तकांच्या सूचीची तू लिहिलेली कार्डं मी रोज बघते. मराठी कथा आणि इतिहास, हे दोन्ही खण अजून तुझ्याच अक्षरात आहेत. नंतरच्या मुलांनी लिहिलेली कार्डं दोनदा बदलावी लागली, तुझं एकही नाही.

योजनेला तुम्ही नऊ जण आला होतात. प्राचार्यांनी यादी आधीच केली होती. कचेरीत कोण, प्रयोगशाळेत कोण, बागेत कोण, आणि व्हरांडे झाडायला कोण. ती आडनावं बघून केली होती हे कळायला पदवी लागत नव्हती. मी यादी परत केली. त्यांना म्हटलं, ग्रंथालयाला माणूस मी निवडीन. नऊ जणांना एकेक कोरं कार्ड दिलं, काळी शाई दिली, एकच पुस्तक समोर ठेवलं. तुझं कार्ड बघितलं आणि बाकीची आठ बघायची गरज उरली नाही.

"कुठं शिकलीस हे अक्षर?"

"शिकले न्हाई बाई. आमचा बाप म्हणतो, असं लिही की वाचणाऱ्याला परत इचारायला यावं लागू न्हाई."

लिहायला-वाचायला न येणाऱ्या माणसाने हे सांगितलं होतं. मी ते पुढे प्रत्येक तुकडीला सांगत आले. कुणाचं वाक्य आहे ते मात्र कधी सांगितलं नाही.

बांधणीही तुला मीच शिकवली. कसर लागू नये म्हणून लेईत मोरचूद किती घालायचा, जुजबंदीच्या शिवणीत दोरा कुठून आत घ्यायचा, पुठ्ठा कापताना सुरी कशी धरायची. पहिल्या आठवड्यात तुझी बोटं सुईने चाळण झाली होती. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणालीस, "कापूस येचताना याच्यापेक्षा जास्ती टोचतंय." तेव्हाच मला वाटलं, ही पोरगी टिकेल.

आणि दर शनिवारी अर्ज. कुणाला, कोणत्या विषयी, कारण काय, कधीपासून कधीपर्यंत, खाली सही. हे ज्याला आलं त्याचं कुठल्या ऑफिसात अडत नाही, असं मी तुम्हाला सांगत असे. एक चूक सापडली की अर्ज परत. तुमच्यातल्या बन्सीधरचा मी सात वेळा परत दिला. त्याच बन्सीधरने 'वडील अत्यवस्थ' म्हणून रजा घेतली होती, आणि पंडितला तो पोखर्णीच्या जत्रेत कुस्ती खेळताना दिसला. अत्यवस्थ वडील कडेला त्याचा सदरा धरून उभे होते, आणि "टांग मार, टांग मार" म्हणून ओरडत होते. त्या दिवसापासून मी नियम केला. घरगुती कारणाच्या रजेला गावच्या पोलीस पाटलाचा दाखला जोडायचा. नमुना छापून घेतला, त्यात दाखल्याचा रकाना घातला. तुम्ही सगळी हसला होतात. बन्सीधर सोडून.

नियम सर्वांना सारखा होता. तुला हे माहीत आहे.

उत्तराची वाट बघते.

कुसुम वांगीकर


परभणी
२४ ऑगस्ट १९९३

पंचफुला,

पंडित वालूरला बायकोच्या माहेरी गेला होता, तो तुला भेटून आला. मी त्याला पाठवलं नव्हतं. म्हणजे, वाटेत आहे तर बघ, एवढंच म्हटलं होतं.

त्याच्याकडून बातमी काढून घेणं म्हणजे गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवणं.

"भेटली का?"

"भेटली की. बाजारात वह्यापुस्तकाचं दुकान हाय, त्याच्या ओट्यावर बसती. शाळेच्या पोरांची पुस्तकं शिवायलीय."

"माझी पत्रं मिळाली का तिला?"

"मी इचारलं. मिळाली म्हणली. वाचली का म्हणलं. वाचली म्हणली. मग उत्तर कामून न्हाई दिलं? तर सुई दातात धरून माझ्याकडं बघत बसली."

"पुढं?"

"पुढं म्हणली, पंडितमामा, च्या घेता का."

"अरे पण जागेचं काय म्हणाली?"

"बाई, ती न्हाई बोलली. कडूबाई बोलली, तिची माय. आतून वराडली. म्हणली, त्या बाईला इचार, माझ्या मालकाला तिनं कुठं धाडलं हुतं."

कडूबाईंच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. आश्रुबा ऐंशी साली वारले हे मला पंडितकडूनच कळलं. वाईट वाटलं. ते मला एकदाच भेटले होते, तेही उभ्याउभ्या.

तू शिवलेलं एक पुस्तक पंडित मागून घेऊन आला. तिसरीचं, मराठीचं. त्याला वाटलं मला आनंद होईल. मी पुठ्ठा उघडून बघितला. गाठ आतल्या बाजूला, खालून तिसऱ्या भोकात. ही माझी पद्धत आहे. औरंगाबादलाही कुणी असं करत नाही, कारण वेळ लागतो. पण पान निसटत नाही. पंधरा वर्षं तुझा हात ती गाठ मारतो आहे, एका पुस्तकाचे मिळतील तेवढे आणे घेऊन, ओट्यावर बसून. आणि इथे खुर्ची रिकामी आहे.

तू रागावली आहेस हे मला दिसतं. तुझं नाव कमी केलं म्हणून रागावली असशील, तर ऐक. तीन दिवस विनापरवाना गैरहजर राहिलं की नाव कमी, हे तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. गोंधळाचे दिवस होते, मान्य. वर्ग बंद होते. पण ग्रंथालय मी एक दिवसही बंद ठेवलं नाही. रस्त्यात टायर जळत होते आणि मी साडेदहाला कुलूप काढत होते. मी आले, तर बाकीच्यांनी का येऊ नये, असा माझा विचार होता.

हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

मुदत ३० नोव्हेंबर.

कुसुम वांगीकर


परभणी
११ ऑक्टोबर १९९३

पंचफुला,

भूकंप तिकडेही जाणवला असेल. इथे कपाटं हलली, दोन फळ्यांवरची पुस्तकं खाली आली. माणसांना काही झालं नाही. पण आपल्या वसतिगृहात औशाकडची सहा मुलं आहेत. त्यातल्या दोघांच्या घरी कुणी उरलेलं नाही.

प्राचार्यांनी मला बोलावून सूचना लिहायला सांगितली. आता वेगळे प्राचार्य आहेत, तुझ्या वेळचे नव्हेत. सूचना अशी: 'भूकंपग्रस्त भागातील विद्यार्थ्यांची अनुपस्थिती रजा धरण्यात येईल. अर्जाची आवश्यकता नाही.'

मी ती स्वच्छ अक्षरात लिहिली. फलकावर लावायला गेले. टाचणी लावताना हात थांबला. पंडित मागे होता. म्हणाला, "काय झालं बाई?" म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "घर पडल्यावर मानूस कुठून आणंल अर्ज?"

तो सहज बोलला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझा अर्ज फाइलला नाही. ते खरं आहे. अर्ज आलाच नव्हता असं मी भासवलं, ते खोटं आहे. आणि कडूबाईंचा अर्थ मला लागला नाही, हेही खोटं.

तुझे वडील ३ ऑगस्टला आले होते. गुरुवार होता. ग्रंथालयात मी आणि पंडित दोघंच. ते आत आले नाहीत. व्हरांड्यात चपला हातात घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, आत या. ते म्हणाले, "पाय भरल्यात जी." सदऱ्याच्या खिशातून त्यांनी वहीचं एक पान काढलं.

"लेकीनं धाडलंय. पिंगळीच्या ठेशनावर हाय ती, मायसंगं."

मी वाचलं. प्रति, विषय, मुदत १ ते १५ ऑगस्ट, सही. सगळं जागच्या जागी. कारण म्हणून तू लिहिलं होतंस: 'आमच्या वस्तीतील घरे जाळण्यात आल्यामुळे.' स्टेशनच्या बाकावर बसून लिहिलं असणार, तरी ओळ वाकडी गेली नव्हती.

त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ते आठवत नाही असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आले.

"साध्या कागदावर चालत नाही. छापील नमुना आहे. हा घ्या. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' असं लिहायला सांगा. आणि इथे पोलीस पाटलाचा दाखला आणा."

"बाई, पाटील त्याच गावचा हाय न्हवं."

"मग दुसऱ्या कुठल्या गावचा आणणार?"

त्यांनी नमुना उलटसुलट करून बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "मंग निदान ह्यो कागद तरी ठिवून घ्या. आन् पोच द्या जी. पोरगी म्हणली, पोच घेतल्याबिगर येऊ नका."

पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडायचा नाही, हे मीच शिकवलं होतं तुला.

मी म्हणाले, "अपुऱ्या अर्जाची पोच देत नाहीत." आणि पान परत दिलं.

"बरं जी," म्हणाले. चपला हातातच घेऊन पायऱ्या उतरले.

तू म्हणशील, बाईंना ठाऊक नसेल. ठाऊक होतं. दोन दिवस आधी पंडितने सांगितलं होतं, कुठल्या कुठल्या गावची वस्ती पेटली ते. तुझ्या गावाचं नाव त्यात होतं. आणि तुझे वडील आले त्याच सकाळी प्राचार्य म्हणाले होते, "बाई, या दिवसात फाइलला भलते कागद येऊ देऊ नका. उद्या चौकशी लागली तर आपण कशाला मधे?" मी तुझा कागद फाइलला लावला असता, तर त्यावर माझी सही आणि शिक्का पडला असता, आणि मग तो खरा ठरला असता. मला ते नको होतं. नियम हाताशी होता, तो पुढे केला. बन्सीधरच्या कुस्तीसाठी केलेला नियम.

दुसऱ्या दिवशी तांबड्या शाईने तुझं नाव कमी केलं. फलकावर सूचनाही लावली. १६ तारखेला तू आलीस. फलक वाचलास आणि परत गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तुझ्या हातात घडी केलेला कागद होता. मी हाक मारली नाही.

या नोकरीत मी चौतीस वर्षं काढली. माझ्या हाताखालून तीनशेच्या वर मुलं गेली. प्रत्येकाला काहीतरी हातात देऊन पाठवलं असं मी मानत होते. आता रोज साडेदहाला कुलूप काढते, आणि पहिला तास कुणी येत नाही तेव्हा त्या व्हरांड्याकडे बघायचं टाळते.

तू ये. अर्ज नको, दाखला नको. ती पंधरा दिवसांची रजा मी माझ्या शब्दावर मंजूर करते. मी फक्त तुझ्या सहीची वाट बघते आहे.

कुसुम वांगीकर


परभणी
१ डिसेंबर १९९३

पंचफुला,

काल मुदत संपली.

जाहिरातीचं कात्रण तुला रजिस्टरने पाठवलं होतं. पोच आली, त्यावर तुझी सही आहे. म्हणजे तुझ्या हातात पडलं.

अकरा अर्ज आले. शेवटची डाक चारला येते. मी कचेरीत बसून होते. डाक आली, त्यात बिलं आणि एक मासिक. पाचला कचेरी बंद होते. साडेचारला पंडित म्हणाला, "बाई, तुमीच ठोका की तिची सही. कोण बघायलंय?"

"तोंड आवर," म्हटलं.

"मी आपलं म्हणलं. तिला जागा मिळाल्याशी मतलब."

तो चहा आणायला गेला. मी कोरा नमुना काढला. तुझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. आयुष्यात कधी दुसऱ्याचा एक आकडाही बदलला नव्हता. मग सहीच्या रेघेवर आले. रजिस्टरच्या पोचेवरची तुझी सही समोर ठेवली आणि करून बघितली. एकदा, दोनदा, रद्दी कागदावर वीसदा. जमली नाही. तू 'फु' काढतेस तसा माझ्या हातून निघत नाही. मीच निवडलेलं अक्षर, आणि मला त्याची नक्कल करता येईना. पंडित चहा घेऊन आला, त्याने टेबलावरचे कागद बघितले. पहिल्यांदाच त्याने न सांगता काहीतरी बरोबर केलं. सगळे उचलले आणि मागे नेऊन जाळले.

नांदेडची एक मुलगी घेतील बहुतेक. शिकलेली आहे. मी तिला बांधणीबद्दल विचारलं, तर म्हणाली, "ते तर बाहेरून करून घेतात ना मॅडम?"

आता तुला पत्र लिहायला काही कारण उरलेलं नाही. तरी लिहिते आहे.

कुसुम वांगीकर


परभणी
३० जानेवारी १९९४

पंचफुला,

परवा तू आलीस ते मी पंडितच्या आधी ओळखलं. त्याने नंतर विचारलं, "बाई, पंचफुलाच हुती का ती?" तू डोक्यावर पदर घेतला होतास, चष्मा लावला होतास, आणि काउंटरसमोर रांगेत उभी होतीस. तुझ्या पुढे दोन मुलं होती. तू त्यांना ओलांडून आली नाहीस. ती मुलं पुस्तकं घेईपर्यंत मी दोन वेळा चुकीची तारीख मारली. शिक्के नवेच आले होते. अठ्ठ्याहत्तरला ज्या नामांतरावरून वस्त्या पेटल्या, ते चौदा तारखेला झालं, तेव्हापासून विद्यापीठाच्या जुन्या नावाचे शिक्के बंद आहेत.

तुझी पाळी आली.

"अर्ज द्यायचा होता," म्हणालीस.

माझ्या तोंडातून काय निघालं? "मुदत संपली." इतकी पत्रं लिहून, समोर आल्यावर हे.

"जागेचा न्हाई बाई. रजेचा."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून तू तो नमुना काढलास. शिधापत्रिकेबरोबर ठेवलेला, चार घड्या, घड्यांवर कापडाची पट्टी लेईने चिकटवलेली. मोरचूद घातलेली लेई, कारण कसर लागली नव्हती. मी उघडला. तुझं अक्षर. १ ते १५ ऑगस्ट १९७८. खाली पोलीस पाटलाचा दाखला, सही, शिक्का. वडिलांचा अंगठा.

मी म्हणाले, "दाखला मिळाला होता?"

"मिळाला की. दिसभर बसवून घेतलं बापाला दारात. संध्याकाळी पाटलानं इचारलं, काय लिव्हायचं? बाप म्हणला, बाईनं सांगितलंय, घरगुती अडचण. पाटील लय खूश झाला. चहा पाजला. कपबशीतून."

मागे उभं असलेलं एक पोरगं हसलं. त्याला वाटलं विनोद आहे.

"दाखला दिला की वहीत नोंद करत्यात," तू म्हणालीस. "पाटलाच्या वहीत. तुमच्या दाखल नोंदवहीवाणी. आश्रुबा खंदारे, घरगुती अडचणीचा दाखला नेला. म्होरं अंगठा. बापाला काय ठाव काय लिव्हलंय. आठ दिसांनी फौजदार आला पंचनाम्याला. सगळ्यांनी सांगितलं, घरं जाळली. पाटलानं वही दावली. म्हणला, हे बघा, यानंच दाखला नेलाय, घरगुती अडचण, अंगठा हाय. जाळलं असतं तर हा घरगुती म्हणला असता का? चुलीची ठिणगी उडाली, वस्ती पेटली."

तू हे रडून सांगितलं नाहीस. ओरडूनही नाही. कार्ड वाचून दाखवावं तसं सांगितलंस.

"एका घराची न्हाई, सतरा घरांची केस गेली. सतरा घरं बापाला म्हणायची, आश्रुबा, तू आमाला इकलंस. दोन वर्षं कुणी त्याला बिडी दिली न्हाई. मग मेला."

मला वाटतं मी "बस" म्हणाले. तू बसली नाहीस.

"पोच द्या."

"पंचफुला, मी..."

"बाई, अर्ज पुरा हाय का न्हाई? बघा. न्हाई तर परत द्या."

मी बघितला. पुरा होता. आवक शिक्का मारला, क्रमांक घातला, पोच लिहिली. तू ती हातात घेऊन वाचलीस आणि परत माझ्यापुढे सरकवलीस.

"तारीख घाला."

मी तारीख घातली. तू तिची एक घडी केलीस, पिशवीत शिधापत्रिकेजवळ ठेवलीस, आणि पायऱ्या उतरून गेलीस. खिडकीतून दिसलीस तेवढा वेळ बघत होते. या वेळी हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारायची हे कळेना.

उद्या माझा शेवटचा दिवस. काल आणि आज मी दोन कागद तयार केले आणि या पत्राला जोडते आहे. पहिला, तुझ्या रजेची मंजुरी आणि पूर्ण दोन वर्षांच्या कामाचा दाखला. त्याचा आता कुठे उपयोग नाही. जागा भरली. दुसरा माझा जबाब. त्यात लिहिलं आहे की ३ ऑगस्ट १९७८ ला तुझा पहिला अर्ज मी वाचला, त्यात घरं जाळल्याचं स्पष्ट होतं, आणि 'घरगुती अडचण' हे शब्द माझे आहेत, आश्रुबांचे नव्हेत. हा कागद घेऊन मी काल ठाण्यात गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "कुठल्या केससंबंधी? नंबर?" केस बंद झाली त्याला पंधरा वर्षं झाली. पाटील वारला, असं त्यानेच सांगितलं. वर म्हणाला, "मॅडम, हे असं साध्या कागदावर घेत नाही आम्ही." मी पोच मागितली नाही.

म्हणून तो तुला पाठवते. त्या सतरा घरांतलं कुणी अजून असेल तर त्यांना वाचून दाखव. माझं अक्षर त्यांना वाचता येणार नाही, पण तुझ्या तोंडून ऐकतील. न दाखवलास तरी मी काही म्हणू शकत नाही.

तुझा अर्ज मी फाइलला लावला आहे, १९७८ च्या, ३ ऑगस्टच्या जागी. लावण्याआधी सवयीने तपासला. एकदा, मग पुन्हा, मग दिवा लावून पुन्हा. नमुना विहित आहे. तारखा जुळतात. सही आहे, शिक्का आहे, अंगठा स्पष्ट उठला आहे. कारणाच्या रकान्यात तुझ्या उभ्या, सुरेख अक्षरात, मी सांगितले होते तेच दोन शब्द.

अर्जात एकही चूक नाही.

कुसुम वांगीकर